मोटारीचा खांदा

अमरावतीला राजापेठेत येऊन कोणत्याही जुन्या ड्रायव्हरला ‘उलटा मिस्त्री कुठं बसतो’ असं विचारलं असतं, तर त्यानं हसतच माझ्या दुकानाकडे बोट दाखवलं असतं. दुकानावर मी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती, ‘मोटारीचे दिवे, बॅटरी व डायनॅमो यांचे खात्रीचे काम’. त्या पाटीवरचं माझं नाव किती जणांनी वाचलं असेल, देव जाणे. मूळचा मी अकोल्याचा, काम शिकलो तेही तिथंच, पण पुढे पुढे तिथल्या मोटारस्टँडवरही हेच नाव माझ्याआधी जाऊन पोचलेलं असे. माझ्या थोरल्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींनी पोहे खाता खाता ‘म्हणजे तुम्हीच का ते’ असं विचारलं, तेव्हा आमच्या सौ.नं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की उरलेले पोहे माझ्या घशाखाली उतरेनात.

नाव का पडलं, तर मी एका मोटारीच्या दिव्यात बल्ब उलटा बसवला म्हणून. निदान सगळ्या वऱ्हाडाला तसं ठाऊक आहे. खरी हकिकत मी आजवर कोणाला सांगितली नाही. ज्याच्यासाठी सांगितली नाही तो माणूस आता नाही, त्याचा मुलगाही गेला, आणि ती मोटार तर केव्हाच भंगारात निघाली. त्यातून या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, पण रटाळ नको’ असा प्रेमळ दम भरलाय. तेव्हा आता तोंड उघडायला हरकत नाही.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वऱ्हाड मध्यप्रांतात होता आणि आपलं सरकार नागपुरात बसत असे, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हाच्या मोटारींना बहुतेक सहा व्होल्टची बॅटरी असे. दिव्याचे उजेड दोन. एक लांबवर जाणारा, त्याला ड्रायव्हर ‘फुल’ म्हणत. दुसरा खाली रस्त्यावर पडणारा, तो ‘डिम’. माझी निम्मी रोजीरोटी या डिमवर चालली, कारण डिम हा जन्मतःच अशक्त. बॅटरीपासून दिव्यापर्यंत वीज तारेनं जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. तार बारीक असली, सांगाडा गंजलेला असला, की सहातला एखादा व्होल्ट वाटेतच हरवतो, आणि तेवढ्यानं उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय दिव्याच्या आत चांदीचा मुलामा दिलेली एक खोलगट वाटी असते, तिला आपण आरसा म्हणू. बल्ब नुसता जळतो, रस्त्यावर उजेड फेकतो तो हा आरसा. त्यातही काही विलायती बल्बांत डिमच्या तारेखाली नखाएवढं पत्र्याचं झाकण असतं. त्यामुळे डिमचा उजेड आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडून खाली येतो. फुल मात्र सगळा आरसा वापरतो. आरशाचा वरचा भाग खराब झाला की फुल बरा दिसतो आणि डिम मरतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

डिमचं एवढं काय कौतुक, असं पुण्याकडचा माणूस विचारील. त्यानं कापसाच्या हंगामात पहाटे आमच्या रस्त्यावर यायला हवं होतं. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस रिकामा करून बैलगाड्यांच्या रांगा परत निघालेल्या असत. गाडीवान घोंगडी पांघरून गाडीत झोपलेला, आणि बैल आपले पायाखालच्या वाटेनं घरी चाललेले. अशा बैलांच्या तोंडावर फुल मारला की ते बुजून थेट शेतात शिरत, नाहीतर नाल्यात. म्हणून समोर बैल आला की मोटारीनं डिम करायचा, असा आमच्याकडे रिवाजच पडून गेला होता. ड्रायव्हर मंडळी शेतकऱ्यांचीच पोरं, त्यांना तो कोणी शिकवावा लागला नाही. पंचाईत एवढीच, की बैलासाठी डिम करावा आणि त्या डिममध्ये नेमका बैलच दिसू नये, अशी बहुतेक गाड्यांची अवस्था होती.

ती अवस्था काही अंशी माझीच कृपा. लढाईच्या दिवसांत दिवे अर्धे काळे करा म्हणून हुकूम निघाला, तेव्हा मी रंगाचा डबा घेऊन मोठ्या देशसेवेच्या थाटात काळे करत सुटलो. काचेवरचा रंग पावसात धुऊन जाईल म्हणून काही गाड्यांचे तर आतले आरसेच रंगवले. लढाई संपल्यावर तोच रंग खरडून काढताना चांदीही निघाली. मग तीच गिऱ्हाइकं ‘मिस्त्री, उजेड पडत नाही’ म्हणत दारात उभी राहू लागली, आणि मी आत डोकावून, जीभ टाळ्याला लावून, ‘आरसा खराब झाला आहे’ असं डॉक्टरच्या आवाजात सांगू लागलो. कोणामुळे झाला, हे एकानंही विचारलं नाही. अकोल्याच्या एका शेठजींच्या गड्यानं तर चिंच आणि राख लावून दिवे आतून घासले होते. इतके स्वच्छ की खालचं पितळ झळकत होतं. त्या गाडीचा उजेड रस्त्यावर पडे तो हळद सांडल्यासारखा. त्याला हसताना मला माहीत नव्हतं की खरीखुरी हळद अजून माझ्या नशिबात यायची आहे.

त्याच सुमारास देवमन माझ्याकडे आला. नांदगाव खंडेश्वरच्या वाटेवर त्यांचा माळ्याचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि सणावाराला झेंडू. भाजी पहाटे अमरावतीच्या बाजारात पोचली तरच तिला अर्थ, आणि बैलगाडीनं न्यायची तर आदल्या दिवशीच खुडावी लागे. देवमननं हट्ट धरून एका म्हाताऱ्या वकिलाची उघडी मोटार घेतली, मागची बैठक काढून टाकली आणि तिथं टोपल्या रचू लागला. मोटारीसाठी घरची एक बैलजोडी विकावी लागली होती. मोटेची जोडी तेवढी राहिली. देवमनचे वडील उकंडराव, त्यांना सगळे आबाजी म्हणत, पहिल्यांदा मोटारीत बसून माझ्याकडे आले तेव्हा विहिरीच्या काठावर बसावं तसे अंग चोरून बसले होते. उतरल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, “दोन बैलाइच्या जागी आली हाय, मिस्त्री. तिले नीट पाह्य.”

तक्रार नेहमीचीच, डिम नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, काम कमी होतं, आणि मला माझी विद्या दाखवायची खुमखुमी होती. बारीक तारा काढून जाड टाकल्या. सांगाड्यावरचा गंज घासून परतीच्या विजेला चकचकीत वाट करून दिली. आरसे सराफ्यातल्या मुलामेवाल्याकडून नव्यानं चांदीचे करून आणले आणि काजळी न् स्पिरिटमध्ये बुडवलेल्या सरकी काढलेल्या कापसानं पुसले. आरसा पुसायला वऱ्हाडी कापसासारखी दुसरी चीज नाही, हे मी गिऱ्हाइकाला आवर्जून सांगत असे. दिव्याच्या काचेभोवतीचं बुचाचं पॅकिंग कुजलं होतं, ते मिळेना, म्हणून जुन्या घोंगडीची पट्टी कापून बसवली. धूळ आत जाण्याची बिशाद नाही, असं म्हणून वर स्क्रूवर लाखेचा ठिपका दिला. ती माझी मोहोर. माझ्यानंतर कोणी दिवा उघडला तर मला कळावं म्हणून.

संध्याकाळी समोरच्या जिनाच्या पांढऱ्या भिंतीवर उजेड टाकून पाहिला. मी कोळशानं ओढलेल्या रेघेखाली डिम असा ठसठशीत पडला की जिनाचा चौकीदारही बाहेर येऊन उभा राहिला. आबाजी भिंतीजवळ गेले आणि त्यांनी त्या उजेडात आपला हात धरून पाहिला, पालथा आणि उताणा. मग मान डोलावली. मी घरी जाताना शीळ घालत गेलो.

पोळा होऊन गेला आणि देवमन परत हजर. डिम पुन्हा मेला म्हणाला. मी त्याला बसवून घेतलं आणि तारा तपासल्या. तारा ठीक. बॅटरी ठीक. डायनॅमोचे कोळसे बदलले. दिवा मात्र उघडला नाही. तो मी स्वतः बंद केलेला, माझी लाख शाबूत, मग आत काय बिघडणार? जिथं माझा हात लागला तिथं पुन्हा पाहायचं काय कारण, असा माझा तेव्हाचा बाणा होता. आजही तो आठवला की मला माझाच कान पिळावासा वाटतो. दसऱ्यानंतर तो पुन्हा आला, तेव्हा मी गंभीर होऊन त्याला सांगितलं, की दिवा उत्तम आहे, दोष तुझ्या डोळ्यांत आहे. अकोल्याच्या एका डोळ्याच्या डॉक्टरचा पत्ताही दिला. देवमन बिचारा भाजीचा एक दिवस बुडवून अकोल्याला जाऊन आला. डॉक्टरांनी त्याचे डोळे लख्ख असल्याचं सांगितलं, आणि ज्यानं पाठवलं त्यालाही एकदा घेऊन ये म्हणाले.

मी तो निरोप विनोद म्हणून घेतला. मग कापसाचा हंगाम लागला, आणि विनोद संपला.

एका पहाटे देवमन टोपल्या भरून अमरावतीकडे येत होता. समोरून रिकामी बैलगाडी आली. त्यानं रिवाजाप्रमाणे डिम केला, आणि त्या गाडीच्या मागून, थोडी रस्त्यावर सरकून, दुसरी गाडी येत होती ती त्याला दिसलीच नाही. ब्रेक दाबेपर्यंत मोटार डावीकडच्या बैलाला लागली. माणसांना खरचटलं, वांगी रस्ताभर झाली, पण बैलाचा पुढचा पाय मोडला. बैलाचं नाव ढवळ्या. मालक शेजारच्या गावचा, आबाजींच्या ओळखीचा. आबाजी स्वतः तिथं गेले, आपल्या मोटेच्या जोडीतला एक बैल त्याच्या दावणीला बांधला आणि ढवळ्याला छकड्यात घालून घरी आणला. पाय बांबूच्या कांबट्यांनी बांधला, पण तो पुन्हा जुवाखाली यायचा नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं.

त्यानंतर आबाजींनी देवमनशी बोलणं टाकलं. जेवायला बसले तरी पाठ करून बसत. मोटार निंबाखाली उभी राहिली. गावात कोणी म्हणे देवमन डुलक्या घेत होता, कोणी म्हणे त्याला उजेडातही दिसत नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आला ते उगीच का. म्हणजे माझं निदानही त्या पोराच्या अंगावर उलटलं होतं.

मग एका दुपारी राजापेठेतले लोक कामं टाकून रस्त्यावर आले. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या बैलजोडीमागे दोरखंडानं बांधलेली देवमनची मोटार येत होती. आबाजी चाक धरून ताठ बसलेले, देवमन बैलांच्या बाजूनं पायी. बैल माझ्या पाटीखाली येऊन थांबले. आबाजी उतरले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, “मिस्त्री, आज माह्यासमोर उघड. ज्याच्या चुकीनं ढवळ्याचा पाय गेला, त्याचं तोंड मले पाह्याचं नाई. मंग तो माह्या पोटचा का असंना. अन् कोनाचीच चूक नसंन, तं ही मोटार म्या इथंच भंगारात देतो.”

देवमन माझ्यासमोर उभा होता. त्याचे ओठ सुकले होते. त्याच्याकडे पाहिल्यावर पहिल्यांदा मला भीती वाटली, की मी खरंच काहीतरी चुकलो असणार.

लाख खरवडली, कडं काढलं, काच हातात घेतली. आतून वास आला. तो वास मोटारीच्या दुकानातला नव्हता, स्वयंपाकघरातला होता. आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पिवळसर, चिकट साय धरली होती, तिच्यावर धूळ बसली होती आणि खालच्या कडेला तुपाचा एक थेंब थिजलेला होता. माझी घोंगडीची पट्टी ओली, पिवळी आणि तेलकट. मी फडक्यानं आरसा पुसला, ते फडकं हळदीचं झालं. दुसऱ्या दिव्यातही तेच. त्यात तर पट्टीला पळसाच्या पानाचा एक तुकडा चिकटला होता.

पळसाचं पान पाहिलं आणि डोक्यात प्रकाश पडला. दिव्यात पडत नव्हता तेवढा. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखलेला असतो, म्हणून त्याला लोणी आणि हळद चोळून पळसाच्या पानांनी शेकतात, आणि मग बैलाला हात जोडून, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असं आमंत्रण देतात. मी फडकं मुठीत धरून, शक्य तितक्या सहज आवाजात, आबाजींना विचारलं की पोळ्याला मोटारीचंही काही केलं होतं का.

त्या सबंध दुपारी आबाजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं समाधान दिसलं. ते म्हणाले, “नाई कसं करन? दोन बैलाइच्या जागी हाय ते. पन खांदा कोनता ते कळे ना. जू तं नाई तिले. मंग इचार केला, हे दोन दिवे पुढं उभे, दोहीकून, सारा रस्ता हेच पेलते. म्हटलं हाच खांदा. घरचं लोनी चोळलं पसाभर. दसऱ्यालेबी चोळलं.”

ते सांगत होते आणि मला सगळं दिसत होतं. पसाभर लोणी दिव्याच्या माथ्यावर. दिवा पेटून गरम झाला की त्याचं तूप. ते तूप माझ्या घोंगडीच्या पट्टीनं वातीसारखं शोषून आत नेलेलं, आणि तिथून आरशाच्या नेमक्या वरच्या भागावर. बुचाचं पॅकिंग असतं तर थेंबही आत गेला नसता. दसऱ्यानंतर देवमन आला तेव्हा मी दिवा उघडला असता, तरी ढवळ्या आज चारही पायांवर असता.

“काय निंघालं?” आबाजींनी विचारलं.

मी त्या माणसाकडे पाहिलं. ढवळ्याचा पाय आपल्याच हातच्या लोण्यानं गेला, हे त्याला कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करायलाही मला धीर झाला नाही. ज्या बैलांच्या आठवणीनं त्यानं ते लोणी लावलं, त्याच जातीच्या जनावराचा पाय त्यानं मोडला. पट्टीचं सांगावं म्हटलं, तर पट्टीत लोणी कुठून आलं हा प्रश्न पुढे उभा. मग जे तोंडात आलं ते बोललो.

“बल्ब उलटा बसला होता, आबाजी. माह्या हातून.”

आणि हळदीचं फडकं मी पँटच्या खिशात कोंबलं.

बल्ब उलटा बसवणं ही आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ माणसानं करायची चूक. बल्बाच्या दोन्ही खुंट्या सारख्या असतात, न पाहता फिरवला की उलटा बसतो आणि डिम रस्त्याऐवजी झाडाच्या शेंड्यावर पडतो. भोवती जमलेल्या गर्दीत आणखी दोन मिस्त्री होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि माझी इभ्रत तिथंच, माझ्या डोळ्यांदेखत, सायकलवर बसून मोटारस्टँडकडे रवाना झाली.

आबाजी उठले. मला वाटलं मारतात. ते माझ्या पाटीकडे बघून म्हणाले, “जू उलटं ठेवलं तं बैलबी उभा रायत नाई. तुले एवढासा दिवा सुलटा ठेवता येत नाई, अन् वर लिवते खात्रीचं काम. लाज वाटू दे.” आणखीही बरंच बोलले. सणाच्या अंकात लिहिण्यासारखं ते नाही. बोलता बोलता थांबले, देवमनकडे वळले आणि म्हणाले, “चाल, पानी पे. उन्हात उभा हायेस कवाचा.” त्यांचं देवमनशी कित्येक दिवसांतलं ते पहिलं बोलणं. देवमन पाणी प्यायला माझ्या माठाशी गेला आणि तिथं भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

आबाजी बैलांना पाणी दाखवायला गेले तेव्हा देवमननं मला हळूच विचारलं, “मिस्त्रीभाऊ, लोनी होतं ना?” मी म्हटलं, तुला कधी कळलं? तो म्हणाला, “वास आला. पन तुमी असं काहून सांगतलं?” मी त्याला फक्त म्हणालो की पुढच्या पोळ्याला मोटारीचा खांदा म्हणजे मागचा आख, दोन चाकांमधला दांडा, असं आबाजींना कसंही करून पटव. मग मी आरसे कापसानं स्वच्छ पुसले, घोंगडीची पट्टी फेकून सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं आणि बल्ब काढून पुन्हा जसाच्या तसा, सुलटा, गर्दीला दिसेल असा बसवला. संध्याकाळी जिनाच्या भिंतीवर डिम पूर्वीसारखाच ठसठशीत पडला. या वेळी चौकीदार बाहेर आला तो हसायला.

पुढचे महिने फार गोड गेले असं म्हणता येणार नाही. ‘मिस्त्री, बल्ब सुलटा हाय ना?’ हे ऐकल्याशिवाय माझा एक दिवस गेला नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. एक मामलेदार गाडी सोडताना स्वतः खुर्ची टाकून बसत आणि माझ्या बोटांवर नजर ठेवत. कोणीतरी माझी पाटी उलटी टांगून गेलं, ती मी दोन दिवस तशीच राहू दिली, तेवढंच लोकांना समाधान. घरी सौ.नं विचारलं, तुम्ही एवढे हुशार, मग असं कसं केलंत. मी म्हटलं, हुशार आहे असं तूच म्हणत होतीस. तिला खरं सांगावं असं फार वाटे. रागही येई, आबाजींचा नव्हे, माझाच. थोडं सत्य सांगून उरलेलं झाकता आलं असतं, आणि मी मात्र धंद्यातली सगळ्यांत बावळट चूक निवडून स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली होती. चोरी कबूल करायचीच होती तर जरा इज्जतीची तरी करायची.

पण पहाटे कधी लवकर दुकान उघडलं तर देवमनची मोटार टोपल्यांनी भरून येताना दिसे. मला पाहून तो डिम करी. समोर बैल नसताना.

पाऊसपाणी होऊन पुढचा पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी डायनॅमो खोलून बसलो होतो, तोच दारात आबाजी उभे. हातात फडक्यानं झाकलेली पितळी वाटी, आणि काखेत पळसाची पानं. देवमननं मागच्या आखाचं सांगितलं नाही की काय, आणि हे इथंच दिव्यांना लोणी लावायला आले की काय. मी घाईनं उठून सांगू लागलो, की आबाजी, मोटारीचा खांदा म्हणजे खरं पाहता मागचा आख.

“बस खाली,” ते म्हणाले. “देवमननंबी सांगतलं आखाचं. दोघाइनं मिळून मले येडं समजले का तुमी?”

मी बसलो. तेही माझ्यासमोर खोक्यावर बसले. मग खाली बघत म्हणाले, “तुनं त्या दिवशी फडकं खिशात घातलं. तेलाचं फडकं कोनी नव्या पँटच्या खिशात घालते का? अन् लोनी माह्या घरचं. त्याचा वास मले नाई येनार?”

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोलले.

“पोराच्या तोंडाकडं पाह्यलं म्हनून नाई बोललो. अन् खरं सांगू, मले ते वझं तवा पेललं नसतं. ढवळ्यापाशी जाऊन उभं कसं राह्यचं होतं म्या? तू उचललं, म्या उचलू देल्लं. वर तुलेच शिव्या घातल्या.” “आता सांगू का साऱ्याइले? चाल, मोटारस्टँडवर जाऊन सांगतो.”

मी नको म्हटलं. उलटा मिस्त्री हे नाव आता रुळलं आहे, सुलटं केलं तर लोकांना दुकान सापडायचं नाही, असं काहीतरी बोललो. ते हसले नाहीत. वाटीवरचं फडकं बाजूला केलं. आत पांढरंशुभ्र लोणी आणि त्यावर हळद.

“वरीसभर पेललं तुनं. खांदा इकडं कर.”

मी मान खाली घालून उजवा खांदा पुढे केला, आणि आबाजींनी सदऱ्यावरूनच, नांगर-मोटेनं घट्टे पडलेल्या आपल्या हातांनी, तिथं लोणी चोळलं. मग डाख द्यायच्या शेगडीवर पळसाची पानं गरम करून त्या जागी हळूहळू शेकलं. रस्त्यावरून जाणारे ड्रायव्हर थांबून पाहत होते. उलट्या मिस्त्रीला आज बैल केलं, असं ते पुढे सांगणार, हे मला दिसत होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझे डोळे भरून आले होते. ते शेगडीच्या धुरानं, असं मी तेव्हा सांगितलं. शेगडीला धूर नव्हता.

शेकून झाल्यावर ते उठले, माझ्यापुढे हात जोडले आणि दरवर्षी ज्या आवाजात गोठ्यात म्हणत असतील त्याच आवाजात म्हणाले, “आज आवतन घे. उद्या जेवाले ये.”

दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो. पुरणपोळीचा पहिला घास मोटेच्या उरलेल्या बैलाला, दुसरा लंगड्या ढवळ्याला, आणि तिसरं ताट माझं. मोटारीच्या गळ्यात देवमननं झेंडूची माळ घातली होती. आबाजी तिच्याकडे गेले, पण चार हात अलीकडेच थांबले, दोन्ही हात धोतराला स्वच्छ पुसले, आणि तिला लांबूनच नमस्कार केला.